चाळीस बायका आणि एक फळी

माझ्या मावशीला तिच्या कारखान्यात ‘डावा कफ’ म्हणत. कफ म्हणजे शर्टाच्या बाहीचा, छातीतला नव्हे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण माझ्या नवऱ्याने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो तिच्यासाठी औषध आणायला चपला घालून तयार झाला होता.

मावशी शर्टाच्या डाव्या बाहीला कफ जोडायची. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच, फक्त डाव्या. उजव्या बाहीला कफ जोडणारी तिच्या शेजारी बसायची आणि तिला अर्थातच ‘उजवा कफ’ म्हणत. पुढच्या मशीनवर कॉलर, मागच्यावर खिसा, खिडकीशी काजं, पंख्याखाली बटणं. अशा चाळीस बायका ओळीने बसल्या की त्या टोकाला एक शर्ट बाहेर पडायचा आणि जहाजात बसून समुद्रापलीकडे जायचा. कामाच्या वेळेत बोलायला बंदी होती आणि जेवणाची सुट्टी घाईत जायची, त्यामुळे कुणाला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. तीन वर्षं शेजारी बसून मावशीला उजव्या कफाविषयी एवढंच माहीत होतं की ती उजवी आहे.

मला याचा संताप यायचा, कारण हीच बाई एके काळी आख्खा शर्ट शिवायची. आमच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. समोरून जाणाऱ्या माणसाची छाती किती इंच आहे हे ती नुसती बघून सांगायची, आणि माणूस लाजून दुसऱ्या बाजूने जायला लागायचा. मग कोपऱ्यावर काचेचं मोठं दुकान आलं. तिथे कुठल्या कुठल्या देशांतून शिवून आलेले शर्ट मावशीच्या नुसत्या शिलाईपेक्षा स्वस्तात मिळायला लागले. गिऱ्हाइकं तिच्याकडे फक्त पॅन्टी आखूड करायला येऊ लागली, आणि शेवटची दोन वर्षं तर तिने नुसत्या चेन बदलल्या.

मावशीने हे मनाला लावून घेतलं. जगाचा बाजार खुला झाला, स्पर्धा वाढली, असं काही बोललं की ती म्हणायची, माझ्याशी कोण स्पर्धेला आलं होतं त्याला समोर आणा, मी बघते. समोर कुणीच नव्हतं, म्हणून ती थेट त्या काचेच्या दुकानातच जायची. टांगलेले शर्ट उलटे करून आतली शिलाई वाचायची आणि विक्रेत्याला बोलावून दाखवायची, हे बघ, इथे बाईला घाई होती, आणि इथे तर ती अर्धी उठलीच होती. विक्रेता बिचारा हात जोडायचा. पुढे पुढे तर ती दारात दिसली की तो मागच्या खोलीत जेवायला जायचा.

शेवटी दुकान बंद झालं, मशीन कॉटखाली गेलं आणि मावशी त्याच जातीचे शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात लागली. लोक टोमणे मारायचे. ती म्हणायची, ज्याने माझं दुकान खाल्लं त्याच्याच पंगतीला बसलेय, निदान स्वयंपाक कसा करतात ते तरी बघते.

आता फळीकडे येते. कारखान्याच्या मागच्या अंगणात दोन संडास होते. एक पांढऱ्याशुभ्र फरश्यांचा, आरसा आणि साबण असलेला. तो वर्षातून एकदा, परदेशी कंपनीकडून तपासणी आली की उघडायचा. बायका त्याला ‘पाहुण्यांचा’ म्हणत. दुसरा रोजचा. त्यालाही कुलूप असायचं आणि किल्ली हातभर लाकडी फळीला बांधलेली असायची. फळी पहिल्या मशीनपासून चाळिसाव्यापर्यंत फिरायची. जिच्या हातात फळी तिनेच उठायचं, सहा मिनिटांत परत यायचं आणि फळी पुढे द्यायची. जेवणाच्या अर्ध्या तासात रांग लागायची, पण त्यात पाचजणींचा नंबर लागला की सुट्टी संपायची.

मावशीचं मशीन एकतिसावं. तिच्याकडे फळी सकाळी साडेअकराला यायची आणि मग थेट दुपारी चारला. बाकी वेळी देहाने गप्प बसायचं.

ही व्यवस्था मॅनेजरसाहेबांची. हातात सतत स्टॉपवॉच असायचं म्हणून बायका त्यांना ‘घड्याळसाहेब’ म्हणत. माणूस दुष्ट नव्हता, हे मावशीही कबूल करायची. परदेशी कंपनीचा रोज फोन यायचा की शर्ट वाढवा आणि दिवस कमी करा. फोन ठेवला की साहेब पित्ताची गोळी घ्यायचे आणि घड्याळ घेऊन ओळीत येऊन उभे राहायचे. त्यांना स्वतःला मात्र फळी लागत नव्हती.

मावशीने यावर साधा उपाय काढला. तिने पाणी पिणंच सोडलं. सकाळचा अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस. दोन वर्षांत तिला मुतखडा झाला आणि एका दुपारी डाव्या कफाच्या ढिगावरच ती आडवी झाली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. मावशीने अगदी गंभीरपणे विचारलं, साडेअकराला पिऊ की चारला? डॉक्टर म्हणाले, तहान लागेल तेव्हा प्या की हो. त्यांना फळी कुठे माहीत होती.

मग त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर एक मूत्रपिंड जाईल. हे मात्र मला हसत सांगता येत नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले आणि वर आल्यावर तिला नोकरी सोड म्हणून बजावलं. ती म्हणाली, सोडून जाऊ कुठे, चेन बदलायला? तिच्या हातात दुसरं काही राहिलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने साहेबांना जाऊन एवढंच विचारलं की कुलूप काढाल का. साहेब म्हणाले, बाई, मी कुलूप काढलं तर वरचे मला काढतील.

अशात तपासणी आली. आपले शर्ट शिवणाऱ्या बायका सुखात आहेत की नाहीत, असं तिकडची गिऱ्हाइकं म्हणे विचारायला लागली होती. म्हणून कंपनी दर वर्षी एक तपासणीस बाई पाठवायची. ती यायच्या आधी साहेब चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस उत्तरं असलेला कागद बायकांकडून घोकून घ्यायचे. आदल्या वर्षी त्यात पूर्ण दिवस गेला होता आणि कंपनीने त्याबद्दल फोनवर साहेबांची खरडपट्टी काढली होती. म्हणून या वर्षी त्यांनी हे काम मावशीवर टाकलं. तुमची जीभ चालते, तुम्हीच शिकवा, म्हणाले. वेळ दिला अर्धा तास.

अर्ध्या तासात चाळीस बायकांना चाळीस उत्तरं! मावशीने कागद दोनदा वाचला आणि कारखान्यात जे शिकली होती तेच केलं. एकीला एक उत्तर. कॉलरने कामाचे तास पाठ करायचे. खिशाने पिण्याचं पाणी. काजांनी आगीचा बंब. बटणांनी ओव्हरटाइम. कापडाच्या कडा पक्क्या करणाऱ्या ओव्हरलॉकने संडास. स्वतःकडे तिने ‘सुपरवायझर आमच्याशी आदराने बोलतात’ हे ठेवलं. वीस मिनिटांत सगळं तयार. साहेबांनी एकेकीला आपापला प्रश्न विचारून पाहिला, चाळीसच्या चाळीस उत्तरं खणखणीत आली आणि साहेब इतके खूश झाले की उरलेल्या दहा मिनिटांत त्यांनी कफ शिवून घेतले.

हे तू मुद्दाम केलंस का, असं मी तिला पुढे कितीदा तरी विचारलं. ती म्हणते, एकीने आख्खा शर्ट शिवायचा नाही असं त्यांनीच शिकवलं, मग एकीने आख्खा कागद कशाला पाठ करायचा? असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. पाहुण्यांचा संडास उघडला, नवा साबण ठेवला. तपासणीस बाई उंच, घामाघूम आणि सभ्य होत्या. बरोबर जाड चष्म्याचे, निवृत्तीला आलेले एक दुभाषे. बाई ओळीत शिरल्या आणि थेट खिशासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही दिवसाला किती तास काम करता, असं दुभाष्यांनी विचारलं.

“गाळलेलं असतं, आणि गार,” खिसा म्हणाली.

दुभाष्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. खिशाने बराच विचार केला आणि तास कॉलरकडे आहेत असं सांगितलं. मग बाई कॉलरकडे गेल्या, पण तोवर त्यांना दुसरा प्रश्न सुचला होता. आग लागली तर कुठून बाहेर पडाल? कॉलर म्हणाली, आठ तास, मध्ये जेवणाची सुट्टी. दुभाषे चष्मा पुसू लागले. बटणांना विचारलं, संडास दिवसभर उघडा असतो का? बटणं म्हणाली, तो प्रश्न माझा नाही, ओव्हरलॉकचा आहे, आणि ओव्हरलॉक आज रजेवर आहे.

घड्याळसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दुभाष्यांच्या मागे उभे राहून हातवारे करत होते, पण बायका शिस्तीच्या. ज्या प्रश्नाचं काम आपल्याकडे नाही त्याला कुणी हात लावीना. अर्ध्या ओळीपर्यंत आल्यावर तपासणीस बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? या प्रश्नाचं उत्तर कुणालाच दिलेलं नव्हतं, तरी अडतीस बोटं एकदम मावशीकडे वळली.

बाई एकतिसाव्या मशीनपाशी आल्या. मावशी उभी राहिली आणि आधी तिने आपलं काम केलं. सुपरवायझर आमच्याशी आदराने बोलतात, म्हणाली. आणि बाकीचं? बाकीचं मला येत नाही, मावशी म्हणाली, पण मला शर्ट येतो. तिने शेजारचे गठ्ठे उचलले. दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यावर वेळेची चिठ्ठी असते. तिने नऊचे कफ काढून टीप दाखवली, ओळंब्यात असावी तशी सरळ. मग अकरा ते साडेअकराचे काढले. टीप आधी जराशी कललेली, मग वळत वळत काठावरून उतरायला आलेली. बाराचे कफ पुन्हा सरळ.

हे असं का, बाईंनी विचारलं. साडेअकराला फळी येते, मावशी म्हणाली. ‘फळी’ला त्यांच्या भाषेत काय म्हणायचं ते दुभाष्यांना सुचेना. तेव्हा मावशी सरळ सातव्या मशीनपर्यंत चालत गेली, किल्लीसकट फळी घेऊन आली आणि तपासणीस बाईंच्या हातात दिली. बाई ती फळी उलटसुलट करून बघत राहिल्या. मग त्यांनी एकेका मशीनवरचे गठ्ठे सोडायला लावले. प्रत्येकीची वाकडी वेळ वेगळी होती आणि प्रत्येकीची तिच्या फळीच्या आधीची होती. काजांच्या मशीनवर तर बाईंनी चिठ्ठी झाकून नुसती टीप बघून वेळ ओळखली. मावशीला त्यांचं कौतुक वाटलं. नजर चांगली आहे, म्हणाली, दुकान असतं तर ठेवून घेतलं असतं.

अडचण एवढीच होती की बाईंच्या फॉर्मात फळीसाठी जागा नव्हती. संडास आहेत का, तर हो. स्वच्छ आहेत का, तर हो. बायकांच्या पोटासाठी एकही रकाना नव्हता, पण कफातल्या दोषांसाठी चार पानं होती. म्हणून चाळीस बायकांचं दुखणं बाईंनी शिलाईतला दोष म्हणून लिहिलं, चारही पानं भरून. त्या लिहीत असताना मावशी म्हणाली, “मॅडम, कुलूप साहेबांनी लावलंय हे खरं. पण घाई तुमच्याकडून येते. रोज फोनवर येते.”

हे सांगायचं दुभाष्यांच्या जिवावर आलं, पण माणूस इमानी होता, त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. बाई लालबुंद झाल्या. ते माझ्याकडे येत नाही, म्हणाल्या, ऑर्डर देणारा विभाग वेगळा आहे.

मावशी घरी येऊन हे सांगताना पोट धरून हसली. अगं, तिलाही एकच उत्तर दिलंय, म्हणाली. तिकडेही लाइनच आहे, फक्त खुर्च्या बऱ्या आहेत. मग हसणं थांबवून तिने पाय चोळायला घेतले. बाईंनी जाताना तिचा हात धरला होता म्हणे.

पंधरा दिवसांनी कंपनीचा आदेश आला. शिलाईतले दोष टाळण्यासाठी संडासांना कोणत्याही प्रकारची कडी अथवा कुलूप नसावं. घड्याळसाहेब आदेश अक्षर न अक्षर पाळणारे. त्यांनी बाहेरचं कुलूप काढलं, आणि आतल्या कड्याही काढल्या. दोन्ही संडासांच्या. आता दार उघडं, फळी बाद, जा म्हणाले किती जायचं ते.

आतून कडी नाही म्हटल्यावर कोण जाणार? पहिल्या दिवशी कुणीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका जोडीने जायला लागल्या. एक आत, एक दार धरून बाहेर. डावा कफ उठला की उजवाही उठायचा, त्यामुळे बिनकफाच्या बाह्या लाइनमध्ये लोंबत राहायच्या आणि पुढची मशीनं खोळंबायची. साहेबांच्या गोळ्या दिवसाला दोनवरून पाचवर गेल्या.

त्या दारापाशी बायका पहिल्यांदा एकमेकींशी मोकळेपणाने बोलल्या. मावशीने उजव्या कफाला आपल्या मुतखड्याचं सांगितलं. दाराच्या आतून आवाज आला, तुला एकच का? मला दोन झाले. मग दोघींनी दार धरता धरता बाकीच्यांना विचारलं. चाळिसातल्या अकराजणी याच दुखण्याने दवाखान्यात जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच शरीर नाजूक. तिथेच नावंही कळली. उजव्या कफाचं नाव मला ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहीत नाही, तिला अजून कामावर राहायचं आहे.

आठवड्याने, सकाळी काम सुरू होऊन तासभर झाला असेल, साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्यांच्या हातात जुनी फळी होती. त्यांनी सांगितलं की शर्ट कमी पडले म्हणून वरून फोन आलाय, आजपासून बाहेरचं कुलूप परत लागेल, मग आतली कडीही परत मिळेल. बायका म्हणाल्या, आतली कडी हवी, बाहेरचं कुलूप नको आणि फळी तर नकोच. चाळीसही जणी तेच म्हणाल्या, या वेळी उत्तर वाटून घेतलेलं नव्हतं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग बायकांकडे, आणि शेवटचं हत्यार काढलं.

“नीट विचार करा. कंपनी एका दिवसात ऑर्डर दुसऱ्या देशात नेईल. तिथल्या बायका असली कटकट करत नाहीत.”

ही काही पोकळ धमकी नव्हती. शेजारचा पॅन्टचा कारखाना असाच एका सोमवारी रिकामा झाला होता, त्याच्या फाटकावर आता वेल चढला होता. एकेकीच्या डोळ्यांसमोर आपापलं घर आलं असणार. मावशी मला नंतर म्हणाली की तिनेही मनात हिशोब मांडला होता. परत दुकान नाही, परत चेनसुद्धा नाहीत. कॉलरने तर मान खाली घातली होती आणि हात फळीकडे जायला लागला होता.

“नेऊ द्या की साहेब,” मावशी म्हणाली. “पण तिथल्या बायकांनाही लघवी लागतच असेल ना? आणखी किती देश हिंडणार?”

साहेबांनी फळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मावशीने बाजूच्या पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं, साहेबांच्या देखत उभ्या उभ्या प्यायली आणि मग आणखी एक तांब्या घेतला. तिच्यामागे उजवा कफ उभी राहिली, तिच्यामागे खिसा, आणि बघता बघता पिंपापाशी रांग लागली. साहेब फळी हातात धरून ती रांग बघत होते. तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजले होते.